असोदा ते भुसावळ : तिकीट खिशात, जीव धाकात

जळगाव शहरातून असोद्याकडे निघाले की आधी रेल्वेचे रूळ आडवे येतात. या जागेला शहरातील लोक असोदा रेल्वे गेट म्हणूनच ओळखतात. रूळ ओलांडले की गाव पाच-सहा किलोमीटरवर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी भारी जमीन, त्यात कपाशी, केळी आणि वांगी. हिवाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी या भागातून जाणाऱ्याच्या नाकात काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास शिरला नाही असे होत नाही. भरिताच्या वांग्यांसाठी खान्देशात असोद्याचे नाव आदराने घेतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून. त्यांचा जन्म १८८० साली इथेच झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबता राबता त्या ओव्या रचत गेल्या, आणि घरच्या माणसांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिचे नाव आज पदवीच्या कागदावर छापले जाते. अक्षर न येणे म्हणजे अक्कल नसणे नव्हे आणि लबाड असणे तर नव्हेच, हे सांगायला असोद्याइतके योग्य गाव दुसरे नाही. पुढे जे सांगायचे आहे त्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे, म्हणून हे आरंभी लिहिले.

रुळांवरची माणसे

या परिसरातील कष्टकरी माणसाचे आयुष्य रुळांना बांधलेले आहे. जळगाव हे जंक्शन. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा मार्ग आणि अमळनेर, नंदुरबारवरून सुरतेला जाणारा मार्ग इथे एकत्र येतात. जळगावनंतर भादलीचे छोटे स्टेशन, आणि पंचवीसेक किलोमीटरवर भुसावळ, मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठिकाण. भुसावळला रेल्वेत नोकरी करणारा एखादा तरी नातेवाईक नाही असे घर या पट्ट्यात शोधावे लागेल. कोणाची मुलगी उधन्याला दिलेली, कोणाचा मुलगा कल्याणला कारखान्यात, कोणाची सून बाळंतपणासाठी चाळीसगावला. दवाखाना, लग्न, मयत, परीक्षा, भरती, सगळे रेल्वेनेच. बसचे भाडे जास्त आणि आगगाडीचे कमी, हा साधा हिशेब आहे.

त्यामुळे तिकीट ही वस्तू आपल्या घरात फार ओळखीची. पण तिचे मोल केवळ पैशाचे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात जाड पुठ्ठ्याचे, बोटभर तिकीट मिळे. गावच्या पाणवठ्यावर जात विचारली जाई, हॉटेलात वेगळी कपबशी मिळे, देवळाच्या पायरीवर अडवले जाई. रेल्वेच्या खिडकीवर मात्र पैसे मोजले की इतरांना मिळे तेच तिकीट हातात पडे. त्यावर गावाचे नाव आणि भाडे छापलेले असे, जात छापलेली नसे. आपल्या अनेक वडीलधाऱ्यांनी इतरांच्या बरोबरीने हातात धरलेला पहिला कागद हा रेल्वेचा होता. म्हणून ती माणसे तिकीट धोतराच्या सोग्यात, लुगड्याच्या पदरात गाठ मारून बांधून ठेवत. त्या गाठीत इज्जत बांधलेली असे.

कागद खरा असला तरी माणसाची परीक्षा संपत नाही, हेही आपल्या समाजाला फार लवकर कळले. १९०१ साली बालवयातील भीमराव घरातील इतर मुलांसोबत वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, रीतसर काढलेली तिकिटे. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने तिकिटे मागितली, मुलांनी ती दिली. त्यात काही खोट नव्हती. मग त्याने मुलांना ती कोण आहेत हे विचारले. जात कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो तिथून निघून गेला. पुढे गाडीवाले न्यायला तयार होईनात. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आपल्या खान्देशातही १९२९ साली चाळीसगावला हेच घडले. आगगाडीतून उतरलेल्या बाबासाहेबांना टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला. शेवटी न सरावलेल्या माणसाने टांगा हाकला, तो उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. आगगाडीत जागा मिळाली, पण स्टेशनबाहेर माणूस म्हणून वागणूक मिळाली नाही.

आज काळ बदलला आहे. तिकीट तपासनीस जात विचारत नाही, आणि त्या पदावर आपलेही अनेक बांधव-भगिनी काम करतात. परंतु खरे तिकीट जवळ असूनही संशयाने पाहिले जाण्याचे दुःख संपलेले नाही. ते कसे घडते, हे या लहानशा पट्ट्यातच पाहू.

दहाचे तिकीट, दोनशे सत्तरचा फटका

मागच्या हिवाळ्यात याच मार्गावर घडलेली गोष्ट. स्टेशनाचे नाव देत नाही, कारण ती कोणत्याही स्टेशनावर घडू शकते. साठी ओलांडलेली एक आजी मुलीकडे निघाली होती. डोक्यावर वांग्यांची पाटी, हातात पिशवी. खिडकीवर रांगेत उभे राहून तिने दहा रुपयांचे पॅसेंजरचे तिकीट काढले. पॅसेंजर उशिरा येणार होती. तेवढ्यात दुसरी गाडी लागली. फलाटावरचा कोणी म्हणाला, "बसा, ही पण तिकडेच जाते." आजी बसली. गाडी एक्स्प्रेस होती.

तपासनीस आला. त्याने तिकीट पाहिले आणि म्हणाला, "आजी, हे तिकीट पॅसेंजरचे आहे. ही एक्स्प्रेस आहे. दंड भरावा लागेल."

आजी म्हणाली, "तिकीट काढेल आहे ना भाऊ म्या. फुकट नही बसेल. मले काय कयते कोन्ती गाडी कोन्ती?"

भाड्यातला फरक वीसेक रुपयांचा. त्यावर दंड अडीचशे. सारे मिळून दोनशे सत्तरच्या घरात. आजीच्या कमरेच्या पिशवीत तेवढे पैसे नव्हते. समोरच्या बाकावरचा एक तरुण हसला आणि म्हणाला, "हे लोक असेच चढतात." आजीने पाटीवर पदर ओढला आणि मान खाली घातली. शेवटी डब्यातल्या चार-पाच जणांनी पैसे जमा केले, पावती फाडली गेली, गाडी पुढे निघाली. तपासनीस उद्धट नव्हता. त्याने नियमाप्रमाणे केले. पण आजी उतरेपर्यंत कोणाशी बोलली नाही. पैसे लोकांनी भरले, पण 'हे लोक' हा शब्द तिचा तिलाच सोसावा लागला.

आता या चुकीत तिचा दोष किती ते पाहा. २०२० च्या टाळेबंदीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या भाड्याने चालवण्यात आल्या. स्टेशने तीच, बाके तीच, थांबे तेच, पण किमान भाडे १० वरून ३० रुपये झाले. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर ते पुन्हा १० रुपयांवर आणले. चार वर्षांत एकाच बाकाची किंमत दोनदा बदलली. त्यात सुपरफास्ट गाडी असेल तर दुसऱ्या वर्गालाही १५ रुपयांचा वेगळा अधिभार. शिकलेल्या माणसाचाही गोंधळ व्हावा अशी ही रचना आहे. ज्या आजीला फलाटावरची पाटी वाचता येत नाही, तिने गाडीची जात कशी ओळखायची?

कायदा काय सांगतो

आपल्याकडे "विनातिकीट" हा एकच शब्द सगळ्यांना लावतात. कायदा मात्र दोन माणसांत फरक करतो. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १३७ आहे, ते फसवण्याच्या हेतूने प्रवास करणाऱ्यासाठी. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १३८ वेगळे आहे. तपासणीच्या वेळी तिकीट दाखवता आले नाही, वरच्या वर्गात किंवा वरच्या प्रकारच्या गाडीत बसला, तिकिटाच्या पुढे गेला, अशा माणसाकडून भाडे किंवा भाड्यातला फरक आणि त्यावर जादा आकार घेतला जातो. हा जादा आकार भाड्याएवढा किंवा २५० रुपये, यांपैकी जो जास्त असेल तो. २००४ पूर्वी ही रक्कम ५० रुपये होती.

म्हणजे चुकलेला माणूस गुन्हेगार नाही, हे कायद्यालाही मान्य आहे. मात्र पैशाच्या बाबतीत तराजू श्रीमंताच्या बाजूला झुकतो. हजार रुपयांचे तिकीट हरवलेल्याला दुप्पट भरावे लागते. दहा रुपयांच्या तिकिटाची चूक मात्र सत्तावीसपट महाग पडते. अडीचशे रुपये म्हणजे शेतात निंदणी करणाऱ्या बाईची दिवसभराची मजुरी.

याच कायद्यात प्रामाणिक माणसासाठी एक दरवाजा ठेवलेला आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. रांग मोठी आहे, गाडी सुटते आहे, तिकीट मिळाले नाही, अशा वेळी गाडीत चढण्याआधी गार्डला किंवा तपासनीसाला गाठून परवानगी मागता येते. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. कलम ५५ प्रमाणे त्याने तसा दाखला दिला तर नंतर फक्त भाडे भरावे लागते, जादा आकार लागत नाही. चूक आपणहून आधी सांगितली की प्रामाणिकपणा कागदावर येतो.

आणखी एक तरतूद प्रत्येक माता-भगिनीने पाठ करावी अशी आहे. पैसे न भरल्यास प्रवाशाला गाडीतून उतरवण्याचा अधिकार कलम १३९ देते. पण सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला वाटेल तिथे उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, एवढ्याच ठिकाणी, आणि तेही फक्त दिवसा. आपल्या मार्गावर याचा अर्थ असा की जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, मनमाड इथे दिवसा उतरवता येईल, पण एकटीने निघालेल्या बाईला रात्री भादलीच्या फलाटावर उतरवता येणार नाही. हा तिचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

तपासणी हवीच, पण कशी?

वाचकहो, या लेखाचा अर्थ तपासणी नको असा कोणी काढू नये. पूर्ण भाडे भरून, महिनाभर आधी जागा राखून ठेवलेल्या बाईच्या बाकावर चारजण फुकट येऊन बसतात तेव्हा त्रास प्रामाणिक प्रवाशालाच होतो. फुकट्यांचा भार शेवटी तिकीट काढणाऱ्यावरच पडतो. अनेक तपासनीस बारा-बारा तास उभे राहून, शिव्या खाऊन, कधी मारही खाऊन काम करतात. त्यांच्याही घरी मुलेबाळे आहेत.

प्रश्न आहे तो तपासणी कोणाची आणि कशी होते याचा. मध्य रेल्वेने २०२३-२४ या वर्षात विनातिकीट व अनियमित प्रवासाची सुमारे ४६ लाख प्रकरणे पकडली आणि त्यातून सुमारे ३०० कोटी रुपये मिळवले. एका प्रकरणामागे साडेसहाशे रुपये पडले. वर्तमानपत्रात हा आकडा पराक्रम म्हणून छापून येतो. पण त्या एका आकड्यात फुकट जाणारा ठग आणि दहाचे तिकीट घेऊन चुकीच्या गाडीत बसलेली आजी एकाच ओळीत मोजले जातात. जनरलचा डबा भरून वाहतो म्हणून सुटत्या गाडीत शेजारच्या स्लीपरमध्ये चढलेला मजूरही त्यातच.

आणि डब्यात शिरल्यावर नजर आधी कोणावर जाते? डोक्यावर गाठोडे असलेल्यावर, पायात तुटकी चप्पल असलेल्यावर, कडेवर मूल घेऊन दाराशी बसलेल्या बाईवर. परीटघडीच्या कपड्यातल्या माणसाला "तिकीट प्लीज" आणि गाठोडेवाल्याला "ए, तिकीट दाखव". तिकीट तेच, खिडकी तीच, मग हाक वेगळी का? ज्या दिवशी दोघांना एकाच शब्दात तिकीट मागितले जाईल त्या दिवशी तपासणीबद्दल कोणाचीच तक्रार राहणार नाही.

सहा डिसेंबरची गाडी

डिसेंबर उजाडला की हा विषय आपल्या घराघरात येतो. महापरिनिर्वाण दिनासाठी रेल्वे नागपूरहून मुंबईकडे विशेष अनारक्षित गाड्या सोडते. त्या भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशा थांबत जातात. गावोगावच्या बौद्धवाड्यांतून माणसे भाकरी बांधून, लेकरांना घेऊन स्टेशनावर येतात. आणि दरवर्षी कोणीतरी सहज बोलून जातो, "हे तर सगळे फुकट जाणारे."

हे बोलणाऱ्याने आदल्या रात्री तिकीट खिडकीसमोर उभे राहून पाहावे. पाचजणांच्या कुटुंबाचे भाडे म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. ती वर्षभर डब्यात साठवून ही माणसे रांगेत उभी असतात. गाडीत मात्र अशी गर्दी होते की तपासनीसाला आत पाय ठेवता येत नाही. मग ही तिकिटे कोणी पाहतच नाही. दादरला उतरल्यावर कुस्करलेला तो कागद खिशातच राहतो. न काढलेले तिकीट सर्वांना दिसते, काढलेले कोणालाच दिसत नाही. शंभरातल्या दहांनी तिकीट काढले नाही तर बोल शंभर जणांना लागतो.

यावर आपल्या हातात एक उपाय आहे. २०० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाचे अनारक्षित तिकीट तीन दिवस आधी काढता येते. जळगावहून दादर चारशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे शेवटच्या रात्रीच्या रांगेची वाट पाहण्याचे कारण नाही. वाड्यातल्या दोन तरुणांनी यादी करून सर्वांची तिकिटे आधीच आणली तर म्हाताऱ्या माणसांची ओढाताण थांबेल आणि बोलणाऱ्यांची तोंडेही आपोआप बंद होतील.

तिकीट हरवले, माणूस गेला

तिकिटाचा धाक सर्वांत वाईट ठरतो तो अपघाताच्या वेळी. दाराशी उभा असलेला माणूस गर्दीच्या रेट्याने खाली पडतो. कपडे फाटतात, खिसा रिकामा होतो, तिकीट नाहीसे होते. घरचे लोक भरपाई मागायला गेले की पहिला प्रश्न येतो, "तिकीट कुठे आहे?" आणि अनेक घरे तिथूनच परत फिरतात. ज्याने आयुष्यात एकदाही फुकट प्रवास केला नाही, तो मेल्यावर फुकट्या ठरतो.

अशा कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ रोजी रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले की, केवळ तिकीट सापडले नाही म्हणून मृत वा जखमी व्यक्ती प्रामाणिक प्रवासी नव्हती असे म्हणता येणार नाही. वारसांनी वस्तुस्थिती सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यावे. त्यानंतर ती व्यक्ती प्रवासी नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूच्या भरपाईची रक्कम ८ लाख रुपये करण्यात आली. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. सोबत कोण होते, कोणी स्टेशनावर सोडले, खिडकीवर कोण आले होते, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुचवावे.

घरात सर्वांना सांगाव्यात अशा गोष्टी

१९९ किलोमीटरपर्यंतचे अनारक्षित तिकीट दिवसभर चालत नाही. २०१६ च्या मार्चपासून ते काढल्यावर तीन तासांच्या आत, किंवा त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे उशिराचे असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी तिकीट काढून बाजार उरकून दुपारी गाडीत बसणाऱ्या माणसाला याच नियमाने पकडले जाते.

तिकीट मागताना केवळ गावाचे नाव सांगू नका. "अमुक वाजताच्या अमुक गाडीने जायचे आहे" असे सांगा, म्हणजे खिडकीवरचा माणूस त्या गाडीचे तिकीट देईल. तिकीट हातात आले की खिडकी सोडण्यापूर्वी त्यावरचे गाव, माणसांची संख्या आणि गाडीचा प्रकार वाचा. वाचता येत नसेल तर शेजारच्या विद्यार्थ्याला विचारा. विचारण्यात लाज नाही.

खिडकीवर काढलेले प्रतीक्षा यादीतले तिकीट शेवटपर्यंत पक्के झाले नाही तर त्यावर जनरल डब्यात बसता येते, स्लीपरमध्ये नाही. मोबाइलवरून काढलेले आरक्षित तिकीट पूर्ण प्रतीक्षेतच राहिले तर ते आपोआप रद्द होते, आणि त्यावर प्रवास करणारा विनातिकीट ठरतो. पक्क्या आरक्षणावर जाणाऱ्यांपैकी निदान एकाजवळ मूळ ओळखपत्र असावे. घरातल्या एकाला जाता येत नसेल तर पक्के तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर करून मिळते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

पाच वर्षांखालील मुलाला अनारक्षित डब्यात तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला अर्धे लागते. अंगाने भरलेल्या मुलाच्या वयावरून वाद होतात, म्हणून जन्मदाखल्याची किंवा आधार कार्डाची प्रत पिशवीत ठेवा. मोबाइलवर तिकीट असेल तर निघण्याआधी बॅटरी पाहा. फोन बंद पडला तर तिकीट नसल्यासारखेच होते.

दंड भरावा लागला तर पावतीशिवाय एक पैसाही देऊ नका. पावतीवर रक्कम आणि कारण लिहिले आहे का ते पाहा. अपमानाची वागणूक मिळाली तर वाद घालत बसू नका. गाडीचा क्रमांक, डबा, वेळ आणि तपासनीसाच्या छातीवरच्या पट्टीवरील नाव टिपून घ्या आणि १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. शांतपणे दिलेली लेखी तक्रार दहा आरोळ्यांपेक्षा लांब जाते.

शेवटी एक सूचना

या सगळ्याला सरकारी दरबारी जायचे ते जाऊच. चुकलेल्या गरीब प्रवाशाकडून पहिल्या वेळी केवळ भाड्यातला फरक घ्यावा, लहान अंतरासाठी जादा आकार भाड्याच्या प्रमाणात असावा, आणि कोणती गाडी पॅसेंजर व कोणती एक्स्प्रेस हे प्रत्येक गाडीआधी मराठीत पुकारून सांगावे, अशा मागण्या करणे योग्यच आहे. परंतु तोपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करावे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की मुलांना थांबवून घ्या. घरोघरची जुनी तिकिटे गोळा करून आणायला सांगा. गावाचे नाव कुठे आहे, वेळ कुठे, गाडीचा प्रकार कुठे, भाडे कुठे, हे मुलांना वाचायला लावा. मग त्या मुलांनी आपापल्या आजीला ते शिकवावे. आजीला सगळी अक्षरे आली नाहीत तरी चालतील. 'पॅसेंजर' आणि 'एक्स्प्रेस' हे दोन शब्द डोळ्यांनी ओळखता आले तरी पुरे. पुढच्या वेळी ती पाटी डोक्यावर घेऊन फलाटावर उभी राहील तेव्हा कोणी "बसा, ही पण तिकडेच जाते" म्हणाला, तर ती आधी तिकीट पाहील, मग गाडी पाहील, आणि मगच पाय उचलेल.